पडवीतला दोर

आंबोलीत मृगापासून दसऱ्यापर्यंत काही म्हणून वाळत नाही. भिंतींना शेवाळ येतं, पुस्तकांची पानं मऊ पडतात, बरणीतलं मीठ पाझरतं, कपड्यांना चुलीच्या धुराचा आणि ओलीचा मिळून एकच वास येतो. वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या गावात एखादी वस्तू कोरडी ठेवायची तर तिच्यावर जीवच असावा लागतो. अशी एक वस्तू मी वरच्या वाडीतल्या एका घराच्या पडवीत पाहिली. बांबूच्या वलणीवर सैल वेटोळी घालून टांगलेला दोर. त्याच्या एका बाजूला घोंगडी, दुसऱ्या बाजूला जुनं इरलं, आणि दोन्हींपासून दोर हातभर अंतरावर, म्हणजे त्यांची ओल त्याला लागू नये.

त्या घरी मी गेलो होतो तो एक मानपत्र लिहायचं होतं म्हणून. घर आबांचं. आबा हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, अख्खं गाव त्यांना त्या नावाने हाक मारतं एवढंच. खरं नाव कुठे छापू नकोस असं त्यांनी मला बजावलं आहे आणि मी ते पाळणार आहे. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं. थोडी भातशेती, थोडी नाचणी, गव्यांनी ठेवला तर ऊस. यावर घर चाललं. बाकीचा वेळ गावाचा. दोनेक महिन्यांपूर्वी गावातली चार पोरं सावंतवाडीला माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आबांचो सत्कार करूचो आसा. तुमी लिवतास, मगे मानपत्र तुमीच लिवन दिया."

मी लगेच हो म्हटलं. रात्री लिहायला बसलो आणि तासाभरात पानभर मजकूर तयार झाला. निःस्वार्थ सेवा, अहर्निश झटणारे, समाजापुढे आदर्श, चंदनासारखे झिजले. सकाळी वाचून पाहिलं. त्या कागदावर आबा कुठेच नव्हते. नाव बदललं असतं तर तोच मजकूर कुठल्याही शाळेच्या, पतपेढीच्या, देवस्थानाच्या कार्यक्रमात चालला असता. मी तो फाडला, एसटी धरली आणि घाट चढलो.

सावंतवाडीहून येणारी गाडी दाणोली मागे टाकते आणि वळणं सुरू होतात. खाली तळकोकणातली उष्ण, घामट हवा असते. गाडी वर सरकेल तशी खिडकीतून गार वाऱ्याची झुळूक येते, मग धुकं येतं आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आपण दुसऱ्याच कुठल्या मुलखात उतरतो. वाटेत धबधब्याशी गर्दी होती. भिजलेली माणसं, मक्याची कणसं, चहाच्या टपऱ्या, उलटेसुलटे लावलेले छत्र्यांचे ढीग. त्या गर्दीचा मला कधी राग येत नाही. कोल्हापूर, बेळगाव, सांगलीकडच्या माणसाला वर्षातून एक दिवस डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याखाली उभं राहावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या गर्दीतलं एखादं माणूस संध्याकाळी घरी परतत नाही, आणि तेव्हा पडवीतला दोर खाली उतरतो.

आबा दोराशीच बसले होते. एक टोक मांडीवर घेऊन ते दोर हळूहळू हातातून सरकवत होते. नजर अंगणातल्या पावसावर आणि बोटं दोरावर. मध्येच थांबायचे, अंगठ्याने एखादी जागा चाचपायचे, पुन्हा सरकवायचे. मला बसायची खूण केली, पण हात थांबला नाही. साठ मीटरचा दोर असा बोटांखालून जायला बराच वेळ लागतो. माझा चहा संपला तरी तो संपला नव्हता. खडकाच्या धारेला घासून एखादा धागा तुटला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. उन्हात घालायचा नाही, साबण लावायचा नाही, साध्या पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. "भिजलेलो दोर धोको देता," ते म्हणाले.

हा नायलॉनचा दोर अलीकडचा. त्याच्या सोबतीला आता हार्नेस आहे, कॅराबिनर आहेत, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या आहेत आणि ते सगळं वापरायला शिकलेली तरुण पोरंही आहेत. आबांनी सुरुवात केली तेव्हा काथ्याचा दोर होता आणि तो कंबरेला गाठ मारून बांधायचा. त्याही आधी साकव होता. व्हाळावर दर वर्षी पाऊस लागायच्या आत गाव साकव घालायचं. भेरल्या माडाचे सोट आडवे टाकायचे, वर बांबू, धरायला एका बाजूला वेताचा नाहीतर वेलीचा हात. पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून गेला की पलीकडच्या वाडीतली मुलं शाळेला मुकायची. वाहून गेलेला साकव भर पावसात पुन्हा घालायला कोण पुढे होणार, तर आबा. तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. आईने विचारलं, तूच कशाला? त्यावर काय उत्तर दिलं होतं ते आता त्यांना आठवत नाही. मलाही त्यांच्याकडून मोठं उत्तर नको होतं.

साकवापासून घाटातल्या दरडीपर्यंत आणि दरडीपासून दरीपर्यंत हे कसं वाढत गेलं त्याचा हिशेब त्यांच्यापाशी नाही. रात्री घाट बंद पडला की अडकलेल्या एसटीपाशी बत्ती आणि चहाची किटली घेऊन जाणं, बाळंतिणीला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणणं, वणवा लागला की हिरव्या डहाळ्या घेऊन धावणं. किती वेळा, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की किती वेळा जेवलास असंच जणू मी विचारलं होतं. मी वही मिटली.

पण एका गोष्टीबद्दल मात्र ते सविस्तर बोलले, आणि माझं मानपत्र तिथेच उलटंपालटं झालं.

कावळेसादची दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पश्चिमेकडून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि पडणारं पाणी तुषार होऊन पुन्हा माथ्यावर फेकतो. माणसं हा उलटा धबधबा पाहायला येतात. धुकं भरलं की पायाखालच्या दगडापुढे काय आहे ते दिसत नाही, आणि क्षणभर ते विरलं की पोटात गोळा येतो. तिथे कठडा आहे. २०१७च्या पावसाळ्यात दोन तरुण तो ओलांडून पलीकडे उभे राहिले आणि खाली गेले. त्याचं चित्रण देशभर फिरलं. लाखो लोकांनी ते पडणं पाहिलं. त्यानंतरचे दिवस फारसे कुणी पाहिले नाहीत. पाऊस, धुकं, निसरडा कडा, आणि आंबोली-सांगेलीकडची स्थानिक माणसं दोर सोडून पुन्हा पुन्हा खाली उतरत होती. जिवंत कुणी सापडणार नाही हे ठाऊक असूनही उतरत होती. खाली कुणाचा तरी मुलगा होता आणि वर कठड्याशी त्याची माणसं वाट पाहत होती.

त्या खेपेला आबा स्वतः उतरले नव्हते, वयाने उतरणं थांबलं होतं. वर दोरावर होते. पण त्याआधीची पंचवीसेक वर्षं ते उतरत आले होते, आणि पहिल्यांदा उतरले तो दिवस त्यांना दगडागणिक आठवतो. परगावचं माणूस होतं. दोन दिवस झालेले. खाली पोचल्यावर पहिल्यांदा वास आला, मग दिसलं. हात पुढे जाईना. पाऊस इतका की वरच्यांना हाक ऐकू जात नव्हती. "मगे मी तेका म्हटलंय," आबा म्हणाले आणि थांबले. दोर हातात तसाच राहिला. "चल बाबा, घराक जावया."

असं म्हटल्यावर हात पुढे गेला. ताडपत्रीत गुंडाळलं, झोळी केली, दोर हलवून खूण दिली. त्यानंतर दर वेळी त्यांनी तेच म्हटलं. जिवंत माणसाला म्हणावं तसंच, त्याच आवाजात.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते पुढल्या दाराने नाही. मागीलदारी बायकोने चुलीवर पाण्याचा हंडा ठेवला होता. न बोलता तिने पाणी ओतलं. बाहेरच कपडे उतरवले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि मगच उंबरा ओलांडला. पुढचे कित्येक दिवस गावातली काही माणसं त्यांच्या हातचं पाणी घेईनात. देवळातल्या कामाला त्यांना बोलावलं नाही. परक्या जातीच्या, परक्या गावच्या, अपघाती मेलेल्या माणसाला शिवला म्हणून. रागाने कुणी काही बोललं नाही, नुसती बाजूला सरकली. आबा हे सांगत होते ते तक्रार म्हणून नव्हे. पण त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, आतून शांतपणे एक वाक्य टाकलं: त्या वर्षी शिमग्याला आमच्या अंगणात कुणी आलं नव्हतं.

मी परत निघालो तो हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या वाटेने. डोक्यात गोंधळ होता आणि चालल्याशिवाय तो निवळणार नव्हता. गुहेतून बाहेर कुंडात येणारं ते पाणी पाहायला मी लहानपणापासून जातो. आंबोलीचा माथा म्हणजे पाण्याच्या दोन वाटा. घाटाच्या तोंडाशी पडलेला थेंब काही तासांत कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राकडे जातो. हिरण्यकेशीच्या गुहेत मुरलेला थेंब पूर्वेला निघतो, आजऱ्यावरून कर्नाटकात जातो, घटप्रभेला मिळतो, मग कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला. वाटेवरच्या किती शेतांना आणि किती घागरींना हे पाणी पुरतं, आणि त्या माणसांना ही गुहा ठाऊकसुद्धा नसते.

त्या कुंडात एक मासा आहे. गावातली माणसं त्याला देवाचा मासा म्हणत आली. कुणी तो धरला नाही, खाल्ला नाही. २०२० मध्ये संशोधकांनी तो जगाला नवा म्हणून नोंदवला आणि नदीचंच नाव त्याला दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढल्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने हे ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. मासा होता तसाच राहिला. नाव मिळाल्याने त्याचा एक खवलाही बदलला नाही. पण त्या नावामुळे कुंडाला कायद्याचं कुंपण मिळालं.

हे आठवलं तेव्हा मी पायरीवर बसलो. तोवर मला वाटू लागलं होतं की आबांसारख्यांना मानपत्राची काय गरज, गप्प राहणंच बरं. तसं नाही. नाव घेतलंच पाहिजे, पण नाव घेतल्याने काहीतरी राखलं जायला हवं. आपल्याकडे गौरव होतो तो माणसाचा. शाल माणसाच्या खांद्यावर पडते, नारळ माणसाच्या हातात येतो. त्या माणसाने जे काम केलं ते काम मात्र होतं तिथेच राहतं, तेवढंच हलकं, तेवढंच अशुभ. आबांना आज गाव डोक्यावर घेतंय. पण उद्या कुणाच्या घरी मुलाने सांगितलं की मी दरीतून प्रेतं काढायला जातो, तर त्या घरातली आई काय म्हणेल? जोवर या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही तोवर शालीची ऊब कुणालाच लागायची नाही.

याच जिल्ह्यातल्या एका माणसाने हा प्रश्न जन्मभर उराशी धरला होता, म्हणून त्याची आठवण इथे काढतो.

आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद होता. मी शाळेत असताना तो वाचला, कॉलेजात पुन्हा वाचला. अनुवादकाचं नाव वाचलं ते चाळिशी उलटल्यावर: सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणतात. पुस्तकाचं प्रत्येक मराठी वाक्य ज्या हाताने लिहिलं त्या हाताकडे माझं पंचवीस वर्षं लक्ष गेलं नव्हतं. वडील नुसतं एवढंच म्हणायचे की हे कणकवलीच्या अप्पांनी केलंय, आणि मला वाटायचं की ते छापखान्याविषयी बोलतायत.

अप्पा १८९४चे. तत्त्वज्ञानाचे नावाजलेले विद्यार्थी, पुढे प्राध्यापकीचा सरळ रस्ता समोर होता, तो सोडून गांधीजींकडे गेले आणि मग कोकणात येऊन राहिले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याच्या लढ्यात होते. या सगळ्याबद्दल त्यांना मान मिळालाच असता, असे मानकरी त्या काळात पुष्कळ होते. पण अप्पांनी हात घातला तो मैल्याला. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली की मला संडाससफाईचं काम द्या. तुरुंगाच्या रीतीप्रमाणे ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं, ब्राह्मण कैद्याला ते मागूनही मिळत नव्हतं. अप्पांनी अन्न कमी केलं. येरवड्यात गांधीजींना हे कळलं आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनी या एका मागणीसाठी उपास आरंभला, तेव्हा कुठे सरकार हललं. इंग्रज सरकारच्या आणि गांधीजींच्या मध्ये असे अनेक मोठे प्रसंग आले. त्यातला एक प्रसंग झाडू आणि बादलीसाठी होता आणि तो आमच्या कोकणातल्या माणसाने उभा केला होता, हे मला राहून राहून विलक्षण वाटतं.

पुढे १९४८ साली कणकवलीजवळ वागद्याला, गड नदीच्या काठी, गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे मेलेली जनावरं सोलायचं काम अप्पा आणि त्यांचे सोबती स्वतः करत. मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग त्यांनी केले. मैला डोक्यावरून वाहून न्यावाच लागू नये, मातीखाली झाकला की त्याचंच सोनखत व्हावं, यासाठी. आता त्याचं अप्रूप वाटत नाही. त्या काळी जेवणाच्या पंगतीतून उठवावं असं हे काम होतं.

अप्पा दुसऱ्यांच्या वाट्याचं काम दया म्हणून करत नव्हते, ही त्यांची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्यांना त्या कामावरची जातीची मोहर पुसायची होती. मी केलं तर ते घाण राहणार नाही, सगळ्यांनी केलं तर ते कुणा एकाचं राहणार नाही, असा साधा हिशेब. १९७१ साली ते गेले. मैला हाताने उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा देशात झाला १९९३ मध्ये, आणि तो पुरला नाही म्हणून दुसरा झाला २०१३ मध्ये. तरीही गटारात उतरून गुदमरलेल्या कामगाराची बातमी आपण अजून वाचतो आणि पान उलटतो. इकडे, २०१६च्या स्वच्छ सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या मैदानी जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला. अप्पांना जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्या दिवशी जिल्ह्यात पेढे वाटले गेले. मला मनापासून आनंद झाला, आणि वाटलं की त्यातला एक पेढा वागद्याला कुणी नेऊन ठेवला असेल का.

आबांनी अप्पांना पाहिलेलं नाही. नाव ऐकलंय. पण मेलेल्या जनावराला हात लावणारे अप्पा आणि मेलेल्या परक्या माणसाला घरी चल म्हणणारे आबा, यांच्यात मला अंतर दिसत नाही. दोघांनी लोकांनी टाकलेल्या कामाला हात लावला आणि त्यापायी लोकांनी त्यांना काही दिवस टाकलं.

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकर उभा राहून देवाला सगळं सांगतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, होय म्हाराजा. त्यात देवाकडे फार मोठं काही मागत नाहीत. लेकरांना सांभाळ, वाटेवरच्याला सांभाळ, हाकेला धाव. स्वयंसेवक हा शब्द छापील आहे, आमच्या वाड्यांत तो कुणी उच्चारत नाही. देवाकडे मागताना जो वापरतात तोच शब्द माणसासाठीही आहे: हाकेला धावणारा. मानपत्रात मी तोच ठेवला. दुसऱ्या वेळी आंबोलीला गेलो तेव्हा नवा मजकूर आबांना वाचून दाखवला. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं.

"माजा नाव खंय पयला घालतस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी आधी ऐकला नव्हता. "उतारता तो एकटोच दिसता. वर दोर धरूक धा जण लागतत, ते कोणाक दिसनत नाय."

मग त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. दोराला झाडाचा विसावा देऊन पहिली गाठ मारणारा. कड्यावर पोटावर झोपून खालच्याची खूण वरच्यांना ओरडून सांगणारा. जीपवाला, ज्याने कधी डिझेलचे पैसे घेतले नाहीत. ताडपत्रीला कड्या शिवून देणारी शिंपीण. चहा आणि भाकरी घेऊन कठड्याशी उभी राहणारी तीन घरं. आलेल्या नातेवाइकांना आपल्या माजघरात बसवून घेणारी म्हातारी, जी रात्रभर त्यांच्याजवळ नुसती बसते. दोन जण आता हयात नाहीत, त्यांचीही नावं घाल म्हणाले. मी लिहीत गेलो. आतून वहिनी दोन नावं विसरलात म्हणाल्या, तीही घेतली. त्यांचं स्वतःचं नाव मी मागीलदारच्या हंड्यासकट घातलं. त्या नको म्हणाल्या, पण तिथे मात्र आबांनी माझी बाजू घेतली.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात झाला. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की ध्वनिक्षेपक असूनही मागच्यांना ऐकू जाईना. मी मानपत्र वाचू लागलो आणि पहिल्या दोन-तीन नावांनंतर मागच्या रांगेतून कुणीतरी सवयीने म्हणालं, होय म्हाराजा. मग पुढच्या नावाला चार जण म्हणाले. मग सगळं सभागृह म्हणू लागलं. एका नावाला एक होय म्हाराजा. ज्यांची नावं आली ती माणसं खाली मान घालून बसली होती. शिंपीण रडत होती. ज्यांनी एकेकाळी आबांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं त्या घरांतली मुलं आज दोरावर असतात, त्यांचीही नावं त्यात होती, आणि त्यांच्या घरची म्हातारी माणसं समोर बसून त्या नावांना होय म्हाराजा म्हणत होती.

शाल आबांनी घेतली, कारण पोरांचं मन मोडवेना. पण बोलायला उठले तेव्हा दोनच वाक्यं बोलले. "शालीचे पैशे ऱ्हवले आसतीत तर पोरांचो विमो काढा. दोर कोरडो ऱ्हवांदे, इतक्याच म्हणना आसा माजा."

पोरांच्या विम्याचे पैसे गावाने वर्गणीने जमवले आहेत. मानपत्र चौकटीत घालून पडवीत, वलणीच्या वरच्या अंगाला लावलं आहे. त्यात एकवीस नावं आहेत आणि आबांचं नाव शेवटचं आहे.

तुम्ही पावसात आंबोलीला जरूर या. हिरण्यकेशीच्या पायऱ्यांवर बसा, गरम भजी खा, आणलेली बाटली आणि पिशवी परत घेऊन जा. कावळेसादला वारा अंगावर घ्या, पाणी उलटं येताना बघा. फक्त कठड्याच्या अलीकडे राहा. सोबतचं कुणी पलीकडे पाय टाकत असेल तर त्याचा हात धरा. यंदाच्या पावसात तो दोर आतापर्यंत तीनदा भिजला आहे.